साठ सेंटचा ट्रम्प : २०२४ च्या निवडणुकीवरील एका मोठ्या सट्ट्याचे प्रकरण

ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला, घटनांच्या निकालावर पैसे लावायच्या पॉलिमार्केट या ऑनलाइन बाजारात, डोनाल्ड ट्रम्प आणि कमला हॅरिस यांचे भाव जवळजवळ बरोबरीत होते. महिना संपेपर्यंत ट्रम्प यांचा भाव ६५ सेंटांच्या वर गेला. मतदार चाचण्यांची सरासरी मात्र तेवढ्यात फारशी हलली नव्हती. देशभरात हॅरिस किंचित पुढे आणि निर्णायक राज्यांत दोघे बरोबरीत, हेच चित्र कायम होते. चाचण्या जागच्या जागी असताना भाव चढतो, म्हणजे कोणीतरी सतत खरेदी करत असतो. १८ ऑक्टोबरला वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली, की फ्रेडी९९९९, तेओ४, प्रिन्सेसकॅरो आणि मिची या चार खात्यांनी मिळून ट्रम्प यांच्या बाजूने सुमारे ३ कोटी डॉलर लावले आहेत. पॉलिमार्केटने तपास करून सांगितले, की चारही खाती एकाच माणसाची आहेत. तो फ्रेंच नागरिक असून त्याला वित्तक्षेत्राचा आणि ट्रेडिंगचा दांडगा अनुभव आहे. वृत्तपत्रांशी बोलताना त्याने ‘तेओ’ हे नाव घेतले. निकालानंतर चेनॅलिसिस या कंपनीने ब्लॉकचेन या क्रिप्टोच्या खुल्या नोंदवहीतले व्यवहार जोडून पाहिले, तेव्हा त्याची खाती ११ निघाली आणि नफा सुमारे ८.५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ७०० कोटी रुपयांच्या वर.

हे प्रकरण बहुतेक वेळा दोनच प्रकारे सांगितले जाते. एक, ‘बाजाराला चाचण्यांपेक्षा जास्त कळले’. दोन, ‘पैसेवाल्याचा आंधळा डाव लागला’. दोन्ही चूक आहेत. तेओचा सट्टा सुटा करून पाहता येतो, आणि त्यातला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बरोबर किंवा चूक ठरू शकला असता.

भाव म्हणजे काय

पॉलिमार्केटवर ‘ट्रम्प जिंकतील : हो’ आणि ‘ट्रम्प जिंकतील : नाही’ असे दोन शेअर असतात. घटना घडली तर ‘हो’ला १ डॉलर आणि ‘नाही’ला शून्य. न घडल्यास उलटे. ‘हो’ आणि ‘नाही’ची जोडी मिळून कायम १ डॉलरचीच असते, त्यामुळे एक ६० सेंटला असेल तर दुसरा ४० च्या आसपास राहतोच. तिथे कोणी बुकी भाव लावत नाही आणि सट्टा अंगावर घेतही नाही. शेअर बाजारासारखे ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या मागण्यांची यादी, असते आणि समोर आपल्यासारखाच दुसरा कोणीतरी असतो. व्यवहार यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात आणि पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर होतात. म्हणूनच खातेदाराचे नाव लपले तरी त्याची प्रत्येक खरेदी उघड दिसते. पैसे कुठून आले आणि कुठे गेले हेही दिसते. ११ खाती एकाच धाग्यात ओवता आली ती यामुळेच.

६० सेंटला ‘६० टक्के शक्यता’ म्हणायची पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. भाव चुकला असे ज्यांना वाटते त्यांच्याकडे पुरेसे पैसे आहेत आणि त्यांना बाजारात येऊ दिले जाते, हे ते गृहीतक. २०२४ च्या पॉलिमार्केटवर ते अर्धेच खरे होते. अमेरिकेच्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनने, म्हणजे सीएफटीसीने, जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला १४ लाख डॉलर दंड केला होता आणि त्यानंतर अमेरिकेतल्या लोकांना तिथे अधिकृतपणे प्रवेश नव्हता. ज्या देशाची निवडणूक, त्याच देशाचे लोक बाहेर. उरलेल्या क्रिप्टो मंडळींत ट्रम्पसमर्थक जास्त होते, हा आक्षेप त्या वेळी सतत घेतला जात होता आणि तो निराधार नव्हता.

तेओचे म्हणणे काय होते

तेओची मूळ धारणा साधी होती. २०१६ आणि २०२० मध्ये चाचण्यांनी ट्रम्प यांची मते कमी दाखवली होती. २०२० ची चूक तर गेल्या चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी असल्याचे अमेरिकी जनमत संशोधकांच्या संघटनेनेच मान्य केले. आपण ट्रम्पना मत देणार हे काही मतदार फोनवर कबूल करत नाहीत आणि काही जण चाचणीवाल्याचा फोनच उचलत नाहीत, असे तेओचे मत होते.

इथवर काहीच नवे नाही. हे चहाच्या टपरीवरही ऐकू येत होते. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. ‘तुम्ही कोणाला मत देणार?’ याऐवजी ‘तुमचे शेजारी कोणाला मत देतील असे वाटते?’ असे विचारणाऱ्या चाचण्या त्याने पाहिल्या. ज्या चाचण्यांत दोन्ही प्रश्न होते, त्यांत शेजाऱ्यांबद्दलच्या उत्तरात हॅरिस यांचा पाठिंबा काही टक्क्यांनी कमी निघत होता. मग त्याने एका मोठ्या चाचणी संस्थेला पैसे देऊन असाच प्रश्न विचारणारी स्वतःची चाचणी करवून घेतली. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिचे आकडे ट्रम्प यांच्या बाजूने थक्क करणारे होते. ती चाचणी त्याने प्रसिद्ध केली नाही.

या प्रश्नामागे खरे संशोधन आहे. मिर्ता गालेसिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेची २०१६ ची आणि फ्रान्सची २०१७ ची निवडणूक तपासून २०१८ मध्ये दाखवले, की लोकांना त्यांच्या ओळखीपाळखीच्या वर्तुळाबद्दल विचारले तर अंदाज सुधारतो. कारणे दोन आहेत. एका माणसाच्या उत्तरातून दहा-वीस माणसांची माहिती मिळते, आणि स्वतःबद्दल सांगताना येणारा संकोच शेजाऱ्याबद्दल सांगताना नसतो. जो माणूस चाचणीला कधीच उत्तर देत नाही, तो त्याच्या शेजाऱ्याच्या उत्तरातून मोजला जातो.

पण ही पद्धत कच्चीही आहे. ‘शेजारी’ म्हणजे शेजारच्या घरातला की टीव्हीवर दिसणारा? दारात फलक कोण जास्त लावतो, मोठ्या आवाजात कोण बोलतो, यावर उत्तर हलते. मोठ्या संशोधनातले प्रश्न ‘तुमच्या ओळखीच्या लोकांपैकी किती टक्के’ असे मोजून विचारलेले असतात, ‘शेजाऱ्यांना काय वाटते’ असे मोघम नसतात. तेओच्या चाचणीतला नेमका प्रश्न आणि नमुना बाहेर आलेला नसल्याने त्याच्याकडे खरी माहिती होती की त्याच्या मनातल्याला मिळालेला दुजोरा, हे निकालावरून ठरवता येत नाही. खासगी माहिती विकत घेणे ही मात्र खरी धार होती. इतर लाखो लोक त्याच फुकटच्या सरासऱ्यांकडे पाहून भाव लावत होते.

खरा डाव लोकप्रिय मतांवर

बातम्यांत सगळे लक्ष ‘अध्यक्ष कोण’ या बाजाराकडे होते. त्याहून बारकाईचा डाव ट्रम्प यांना देशभरात जास्त मते मिळतील यावर, म्हणजे ‘लोकप्रिय मतां’वर होता. मतदानाच्या आदल्या दिवशीही त्या बाजारात ट्रम्प यांचा भाव ४० सेंटांच्या खालीच होता.

कारण समजण्यासारखे आहे. २०१६ मध्ये ट्रम्प देशभरात २.१ टक्क्यांनी मागे राहूनही अध्यक्ष झाले. २०२० मध्ये बायडेन ४.५ टक्क्यांनी पुढे होते, पण निर्णायक ठरलेल्या विस्कॉन्सिनमध्ये त्यांची आघाडी केवळ ०.६ टक्के होती. दोनदा असा कल दिसल्यावर ‘रिपब्लिकन उमेदवार इलेक्टोरल कॉलेज (राज्यवार निकालांवरून अध्यक्ष ठरवणारी व्यवस्था) जिंकतो, मते हरतो’ ही गोष्ट बाजाराच्या डोक्यात पक्की बसली.

आता दोन भाव शेजारी ठेवा. अध्यक्षपद ६० सेंट, लोकप्रिय मते ३८ सेंट. ट्रम्प मतांत पुढे असतील तर अध्यक्षपदही त्यांचेच, हे जवळपास नक्की होते. म्हणजे बाजार म्हणत होता, की ट्रम्प जिंकले तरी मतांत पुढे असण्याची शक्यता ३८ भागिले ६०, साधारण ६३ टक्के. चाचण्या सगळीकडे एकाच दिशेने आणि एकाच कारणाने चुकत आहेत असे ज्याला वाटते, त्याच्या दृष्टीने हा आकडा फार कमी आहे. चूक देशभर असेल तर ती कॅलिफोर्नियातही असेल आणि न्यूयॉर्कमध्येही. तिथे ट्रम्प जिंकणार नाहीत, पण मते वाढतील आणि देशाच्या बेरजेत दिसतील. तेओचा सिद्धांत बरोबर असेल तर स्वस्त शेअर हाच होता. ६० सेंटच्या शेअरवर जिंकल्यास ६७ टक्के परतावा, ३८ सेंटच्या शेअरवर १६३ टक्के.

प्रत्यक्षात ट्रम्प देशभरात सुमारे १.५ टक्क्यांनी पुढे राहिले आणि पेनसिल्व्हेनियात १.७ टक्क्यांनी. देश आणि निर्णायक राज्य यांच्यातली दरी जवळजवळ मिटली. बाजाराने मागच्या दोन निवडणुकांचा साचा जसाच्या तसा पुढे ओढला होता. तेओने तो मोडेल यावर पैसे लावले. या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे, आणि तोच सर्वांत कमी चर्चिला गेला.

कोटींची खरेदी, भाव न उडवता

लहान सट्टेबाजाला ही अडचण येतच नाही, म्हणून ती आकड्यांत पाहू. समजा ६० सेंटला २ लाख शेअर विकायला आहेत, ६१ ला ३ लाख आणि ६२ ला ४ लाख. एकदम ९ लाख शेअर घेतले तर १.२० लाख, १.८३ लाख आणि २.४८ लाख मिळून ५.५१ लाख डॉलर लागतात आणि सरासरी ६१.२ सेंट पडते. पुढचा शेअर आता ६३ ला आहे. साडेपाच लाखांत भाव तीन सेंट हलला, तर ३ कोटींत काय होईल? म्हणूनच मोठा खरेदीदार लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापेक्षा महाग न घेणारी मागणी) लावून वाट पाहतो, रक्कम बारीक तुकड्यांत टाकतो आणि एका खात्यामागे भलीमोठी रांग दिसू नये म्हणून अनेक खाती वापरतो. तेओने तसेच केले.

इथेच गैरव्यवहाराच्या आरोपाची छाननी करता येते. ज्याला भाव फुगवून बातमी करायची असते, तो पातळ ऑर्डर बुकमध्ये, लोक जागे असताना, एकदम मोठी ऑर्डर मारतो. आपली सरासरी किंमत वाढते याची त्याला पर्वा नसते. ज्याला नफा हवा, तो भाव हलणार नाही अशी खरेदी करतो. तेओची पद्धत दुसऱ्या प्रकारची होती. शिवाय कमी बोलल्या जाणाऱ्या लोकप्रिय मतांच्या बाजारातही त्याने पैसे ओतले. प्रचारासाठी पैसे उडवणारा तिकडे वळत नाही.

उलाढालीच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. अध्यक्षपदाच्या एकट्या बाजारात ३६० कोटी डॉलरच्या वर उलाढाल नोंदली गेली. ते लावलेले पैसे नव्हेत. एकच शेअर दहा हातांतून गेला की दहा वेळा मोजला जातो. त्यातही केऑस लॅब्स या विश्लेषण कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे एक तृतीयांश उलाढाल स्वतःच स्वतःशी केलेल्या खरेदी-विक्रीची होती. तेव्हा व्यवहारशुल्क नव्हते आणि पुढेमागे कंपनी जास्त व्यवहार करणाऱ्यांना टोकन, म्हणजे स्वतःचे क्रिप्टो नाणे, वाटेल अशी अनेकांना आशा होती. फुकटात उलाढाल वाढवायला आणखी काय हवे?

शेवटचे चार दिवस

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अॅन सेल्झर यांची आयोवाची चाचणी आली. हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे! सेल्झर यांचा लौकिक असा, की त्यांच्या आकड्याला कोणी हसण्यावारी नेत नसे. ट्रम्प यांचा भाव घसरून पन्नाशीच्या पहिल्या टप्प्यात आला. प्रेडिक्टइट या दुसऱ्या बाजारात तर हॅरिस पुढे गेल्या. एकाच घटनेचे दोन बाजारांत दोन भाव पडले, कारण प्रेडिक्टइटवर एका कॉन्ट्रॅक्टमध्ये एका माणसाला ८५० डॉलरपेक्षा जास्त लावता येत नव्हते, नफ्यावर १० टक्के आणि पैसे काढताना ५ टक्के कापले जात. तिकडची तफावत मिटवायला कोणी मोठा पैसा नेऊच शकत नव्हता.

कोट्यवधी डॉलर लावून बसलेल्या माणसासाठी ही कसोटीची वेळ असते. नव्या माहितीने मूळ कारण मोडले का, एवढाच प्रश्न असतो. सेल्झर यांची चाचणी नेहमीच्या थेट प्रश्नाची होती. तेओचा आक्षेपच त्या प्रश्नावर होता. त्याच्या हिशेबात ती विरोधी पुरावा नव्हती. मात्र असा युक्तिवाद घातकही ठरू शकतो, कारण मग कोणतीच चाचणी आपल्याला चूक ठरवू शकत नाही. आयोवात ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले.

पैसे केव्हा मिळतात

मते मोजून झाली म्हणजे पैसे मिळाले असे नसते. पॉलिमार्केटचा नियम असा होता, की असोसिएटेड प्रेस (एपी), फॉक्स आणि एनबीसी या तिन्ही वृत्तसंस्थांनी एकच विजेता जाहीर केला तर बाजार मिटवायचा. तिघांचे एकमत झाले नाही तर २० जानेवारीच्या शपथविधीपर्यंत थांबायचे. फॉक्सने ६ नोव्हेंबरला पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री पावणेदोनच्या सुमारास जाहीर केले, एपीने पहाटे साडेपाचनंतर. भारतात तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तिघांत फूट पडली असती तर जिंकलेले पैसेही अडीच महिने अडकले असते.

नियमांतला बारीक मजकूर किती महाग पडतो, हे त्याच वर्षी जुलैमध्ये व्हेनेझुएलाने दाखवले. तिथल्या निवडणूक मंडळाने तेव्हाचे अध्यक्ष मादुरो विजयी झाल्याचे जाहीर केले. नियमांत अधिकृत माहितीला प्राधान्य होते, म्हणून अनेकांनी मादुरोंचे शेअर निर्धास्तपणे घेतले. वाद झाल्यावर निर्णय यूएमए या टोकनच्या धारकांच्या मतदानाकडे गेला आणि बाजार विरोधी उमेदवार एदमुंदो गोन्सालेस यांच्या बाजूने मिटला. कोणी निकाल सुचवला की साधारण दोन तासांत त्यावर हरकत घेता येते, आणि हरकती वाढल्या की प्रकरण मतदानाला जाते. निवडणुकीचा अंदाज बरोबर आला आणि निवाड्याचा चुकला, तरी पैसे जातात.

तो बरोबर होता का?

इंट्रेड या आयर्लंडमधल्या बाजारात २०१२ साली एका सट्टेबाजाने अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्यावर असाच डाव टाकला. डेव्हिड रॉथशिल्ड आणि राजीव सेठी यांच्या अभ्यासानुसार शेवटच्या दोन आठवड्यांत रॉम्नी यांच्यावर लागलेल्या एकूण पैशांपैकी सुमारे एक तृतीयांश त्याचे होते, आणि त्याने ४० लाख डॉलरच्या आसपास गमावले. बाहेरून पाहिले तर दोन्ही प्रकरणे सारखी दिसतात. एक माणूस, चाचण्यांच्या विरुद्ध, प्रचंड रक्कम. तेओ जिंकला नसता तर त्याचीही गणना याच रांगेत झाली असती.

२०२४ च्या चाचण्या तशा वाईट नव्हत्या. सरासरीची चूक अडीच-तीन टक्क्यांची, म्हणजे २०२० पेक्षा कमी होती. निवडणुकीचे अंदाज मांडणारे नेट सिल्व्हर यांच्या मॉडेलने शेवटी जवळपास निम्मी-निम्मी शक्यता दिली होती आणि इतकी चूक त्यात धरलेलीच होती. एका निकालावरून ६० म्हणणारा ५० म्हणणाऱ्यापेक्षा हुशार ठरत नाही. दिलेली शक्यता आणि निकाल (जिंकले तर १, हरले तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग काढला, जो जितका लहान तितका अंदाज चांगला, तर ट्रम्प जिंकल्यावर बाजाराचा आकडा ०.१६ येतो आणि मॉडेलचा ०.२५. ते हरले असते तर बाजाराचा ०.३६ आला असता. एका फेरीत कोणालाही पदक देता येत नाही.

तेओवर खरी टीका होऊ शकते ती रकमेवरून. लावलेले पैसे म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या रोख संपत्तीचा मोठा भाग, असे त्यानेच सांगितले होते. सट्ट्यात पुंजीचा किती वाटा लावावा हे सांगणाऱ्या केलीच्या सूत्राप्रमाणे लावायचा वाटा म्हणजे आपल्या अंदाजातून भाव वजा करायचा आणि उरलेल्याला एकातून भाव वजा करून भागायचे. भाव ०.६० आणि आपला अंदाज ०.८० असेल तर ०.२० भागिले ०.४०, म्हणजे निम्मी पुंजी. अंदाज ०.६५ असेल तर फक्त साडेबारा टक्के. अंदाजात १५ टक्क्यांचा फरक पडला की रक्कम चौपट बदलते. शेजाऱ्यांच्या एका चाचणीवरून कोणालाही आपला अंदाज ०.८० आहे की ०.६५ हे इतक्या नेमकेपणाने कळत नाही. शिवाय अध्यक्षपद, लोकप्रिय मते आणि राज्यांवरचे त्याचे डाव वेगवेगळे नव्हते. ते एकाच सिद्धांतावर उभे होते आणि बुडाले असते तर एकत्रच बुडाले असते. रक्कम ठरवताना असे सगळे डाव मिळून एकच धरायचे असतात.

नंतर, आणि आपल्याकडे

फ्रान्सच्या जुगार नियामकाने पॉलिमार्केटची तपासणी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्येच फ्रान्समधल्या लोकांना तिथे व्यवहार करणे बंद झाले. एफबीआयने कंपनीचे प्रमुख शेन कोपलन यांच्या घरावर छापा टाकला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतली चौकशी संपली. दरम्यान असाच बाजार चालवणाऱ्या कालशी या अमेरिकी कंपनीने सीएफटीसीविरुद्धचा खटला जिंकून २ ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेत निवडणुकीचे कॉन्ट्रॅक्ट कायदेशीरपणे सुरू केले होते. त्यामुळे न्यू जर्सीतला मराठी माणूस आणि नाशिकमधला मराठी माणूस यांची स्थिती आता पूर्ण वेगळी आहे.

भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. अशी सेवा देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण बँकांना असे व्यवहार पुढे सरकवण्यास मनाई आहे. ‘हो की नाही’वर पैसे लावू देणाऱ्या प्रोबो या भारतीय कंपनीने त्याच वेळी हा व्यवसाय थांबवला. आपला देश लपवणारे व्हीपीएन लावून आणि क्रिप्टो विकत घेऊन परदेशी बाजारात शिरणाऱ्याला खात्याच्या अटी मोडल्याने पैसे अडकण्याचा धोका आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही.

आपल्याकडे निवडणूक आली की राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे आकडे वाहिन्यांवर झळकतात. २०२४ च्या लोकसभेला तिथून भाजपच्या तीनशेच्या आसपास जागांचे आकडे आले होते आणि पक्ष २४० वर थांबला. त्या भावामागे किती पैसा होता, किती जणांचा होता, एकाच बुकीचा होता की शंभर जणांचा, हे कोणालाच तपासता येत नाही. पॉलिमार्केटवरचा भाव चढवण्यात एका माणसाचा मोठा हात होता हे निदान मतदानाआधीच जगाला कळले होते. फलोदीचा भाव कोणी हलवला, हे निकालानंतरही बाहेर येत नाही.